एकल मालकीच्या साठ खुर्च्या

विक्लिफ सुताराच्या मयताला मी उसाच्या मोळीवर बसलो, तिथून हे सगळं सुरू झालं.

ज्या माणसानं चाळीस वर्षं अख्ख्या नामुकोये गावाला खुर्च्या करून दिल्या, त्याच्याच मयताला खुर्च्या कमी पडाव्यात, हा दैवाचा विनोद म्हणायचा. पण दैवानं तो माझ्या जिवावर का करावा, हे मला आजवर कळलेलं नाही. आमच्याकडे मयत म्हणजे चार-पाचशे माणूस. भाषणं सकाळी सुरू होतात आणि मेलेला सोडून बाकी सगळे थकेपर्यंत चालतात. पुढच्या रांगेत सोफ्यावर पाद्री, त्यांच्या शेजारी चीफ, म्हणजे आमच्या भागाचे सरकारी अधिकारी, आणि चीफच्या शेजारी शद्रक खाटीक, कारण त्या दिवशीचा बैल त्यानं पाडला होता. आणि मी, माध्यमिक शाळेतला सव्वीस वर्षांचा अनुभवी शिक्षक, मागं उसाच्या मोळीवर. तिसऱ्या भाषणाला मोळीची दोरी सुटली आणि मी एकेक ऊस करत जमिनीवर आलो. पाद्री नेमके तेव्हा माणूस मातीतून येतो आणि मातीत जातो, या वाक्यावर होते. सगळ्यांनी वळून पाहिलं. त्यात माझे निदान पन्नास माजी विद्यार्थी असतील.

घरी परतताना रोडा, म्हणजे माझी बायको, बराच वेळ काही बोलली नाही. बायको बोलत नसते तेव्हा ती विचार करत असते, आणि ती विचार करत असते तेव्हा आपण काहीतरी बोलावं. पण मला सुचलं नाही. मक्याचं शेत ओलांडल्यावर ती म्हणाली, "तुम्ही शाळेत धंदाच शिकवता ना?"

"व्यवसाय अध्ययन," मी दुरुस्त केलं.

"तेच ते. मग सव्वीस वर्षांत स्वतः एखादा का नाही केला?"

याला चोख उत्तर आहे. पोहायला शिकवणाऱ्यानं काठावर उभं राहायचं असतं. पण हे उत्तर मला तीन दिवसांनी सुचलं, आणि तोवर मी साठ प्लास्टिकच्या खुर्च्यांची ऑर्डर देऊन बसलो होतो. मयत, लग्न, हरांबेची वर्गणी-सभा, पाद्र्यांचा निरोप. नामुकोयेत दर शनिवारी कुणी ना कुणी बसायला जमतंच. त्यांना खुर्च्या भाड्यानं द्यायच्या. इतकी साधी गोष्ट.

मालकीच्या प्रकारांवरचं प्रकरण मी झोपेतही शिकवू शकतो. रोडा म्हणते, शिकवतोही. एकल मालकी, भागीदारी, सहकारी संस्था, कंपनी आणि सरकारी महामंडळ. त्यात एकल मालकी सगळ्यात सुटसुटीत. तिचा पहिला फायदा, निर्णय झटपट घेता येतात. दुसरा फायदा, व्यवसायाची गुपितं गुप्त राहतात.

खुर्च्या घ्यायचं ठरवलं त्याच संध्याकाळपर्यंत रंग कोणता असावा यावर बाजारात तट पडले होते. पांढऱ्या घेऊ नका, आमच्या लाल मातीत पहिल्याच पावसात त्या गाजरासारख्या होतील, असं चहावाल्यानं सांगितलं. निळ्या घेतल्या तर एका पक्षाचे लोक बसणार नाहीत, केशरी घेतल्या तर दुसऱ्या पक्षाचे बसतील पण भाडं देणार नाहीत, असं पिठाच्या गिरणीवर ठरलं. हिरव्या गवतात दिसणार नाहीत आणि विसरून राहतील, हे मत आमच्या मुख्याध्यापकांचं. त्यांनी ते शिक्षकांच्या बैठकीत विषयपत्रिकेवर घेऊन मांडलं. शेवटी जांभळा राहिला. जांभळ्याबद्दल कुणाचंच काही म्हणणं नव्हतं, कारण तसल्या खुर्च्या कुणी पाहिल्याच नव्हत्या. दुकानदाराकडेही त्या बरीच वर्षं पडून होत्या, हे मला नंतर समजलं.

परवान्यासाठी मी काउंटीच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी त्यांच्या यादीत शोध शोध शोधलं. लाकूड विक्री होती, शवपेट्या होत्या, शीतपेयं होती, खुर्च्या भाड्यानं देणे नव्हतं. लोकांना बसायला देता म्हणजे हॉटेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. हॉटेल म्हटलं की स्वच्छतागृह हवं. मी म्हटलं, मी जेवायला घालत नाही. मग त्या म्हणाल्या, पन्नासच्या वर माणसं बसतात म्हणजे सभागृह. सभागृहाला बाहेर पडायला दोन दारं लागतात आणि आग विझवायचं एक नळकांडं.

"बाई, सभागृहच नाहीये," मी म्हणालो. "फक्त खुर्च्या आहेत. उघड्यावर."

त्यांनी थोडा विचार केला आणि दारांची अट माफ केली, कारण भिंती नसल्यावर बाहेर पडायला अडचण येणार नाही, हे त्यांना पटलं. नळकांडं मात्र लागेलच म्हणाल्या. ते मी आणलं आणि अंगणातल्या अवाकाडोच्या झाडाला टांगलं. पंधरा दिवसांनी निरीक्षक आला, झाडाची पाहणी केली, आणि शेऱ्यात लिहून गेला की सभागृह हवेशीर आहे.

पहिलं गिऱ्हाईक लांबच्या वाडीतलं एक मयतच होतं. साठ खुर्च्या ओळीनं मांडल्या तेव्हा खरंच सांगतो, माझा ऊर भरून आला. जांभळा रंग दुरून शाळेच्या गणवेशासारखा दिसत होता, पण शिस्त होती. लोक आले, बसले, आणि पाच मिनिटांत साठच्या साठ भरल्या. मालक म्हणून मी कडेला उभा राहिलो. मालकाला उभं राहण्यात एक रुबाब असतो, असं मी स्वतःला पहिले दोन तास सांगितलं.

तिसऱ्या तासाला एनोक आजोबा पडले.

एनोक आजोबा म्हणजे त्या वाडीतले सगळ्यात वडीलधारे आणि सगळ्यात वजनदार, दोन्ही अर्थांनी. ते बोलायला उठले, बोलले, मग कृतकृत्य होऊन जरा जोरात बसले. खुर्चीचे मागचे दोन पाय बाजूला फाकले आणि आजोबा सावकाश, डुलत, मागं गेले. लागलं काही नाही. पण मयतात म्हातारा माणूस जमिनीला टेकणं हा अपशकुन. तो फेडायला हवा, आणि ज्याची खुर्ची त्यानं फेडायला हवा, यावर दोन्ही बाजूंच्या नातेवाइकांचं त्या दिवसातलं पहिलं एकमत झालं. पाच कोंबड्या.

आता एकल मालकीचा एक तोटा पुस्तकात दिलेला आहे, आणि तो मी फळ्यावर दोन रेघा ओढून दरवर्षी दाखवतो. जबाबदारी अमर्याद. म्हणजे धंद्याचं देणं धंद्यातून फिटलं नाही, तर मालकाच्या घरात शिरतं. आमच्या घरात शिरलं ते सरळ खुराड्यात. आणि खुराडं रोडाचं.

"हे तुमच्या पुस्तकात लिहिलेलं आहे?" तिनं विचारलं. माझ्या दोन्ही हातांत मिळून पाच कोंबड्या उलट्या लटकत होत्या, त्यामुळे मला हातवारे करता येईनात.

"प्रकरण दोन," मी म्हणालो.

"आणि तुम्हाला माहीत होतं?"

"मी ते शिकवतो."

"मग कोंबड्यांना आधी विचारायचं होतं," ती म्हणाली आणि आत गेली. त्या रात्री मक्याच्या पिठाची उगाली होती, भाजी होती, सगळं होतं. पण ताट ठेवतानाचा आवाज मी अजून विसरलेलो नाही.

जबाबदारी वाटून घ्यायची तर भागीदार हवा. माझा मेव्हणा प्रोटस, रोडाचा धाकटा भाऊ, त्याच्याकडे एक जुना पिकअप होता. तो चढावर ढकलावा लागे, पण उतारावर कुणाचं ऐकत नसे. वहीच्या दोन पानांवर आम्ही भागीदारीचा करार केला. खुर्च्या माझ्या, गाडी त्याची, बुद्धी दोघांची. करारात मी बारा कलमं घातली. एका भागीदारानं दिलेला शब्द दुसऱ्यालाही बंधनकारक असतो, हे कलम मी घालायची गरज नव्हती, ते कायद्यातच आहे. प्रोटसला तेवढंच एक आवडलं.

पुढच्याच महिन्यात त्यानं एका शनिवारी साठ खुर्च्या एका लग्नाला कबूल केल्या आणि त्याच साठ, डोंगराच्या पलीकडे, एका मयताला. मी हे त्याला दाखवून दिलं तेव्हा तो म्हणाला, "दाजी, लग्न सकाळी आहे. मेलेला काय दुपारपर्यंत थांबणार नाही का?"

मेलेला थांबला असता. लग्न संपेना. नवऱ्या मुलाच्या मामांचं भाषण चालू असतानाच प्रोटस मागच्या रांगेपासून खुर्च्या उचलायला लागला. पाहुणे आधी हसले, मग चिडले, मग ज्याची खुर्ची उचलली तो उभा राहून पुढच्याला सांगायला लागला की घट्ट धर. तरी पंचेचाळीस सुटल्या. त्या पिकअपमध्ये घालून, गाडी ढकलत डोंगर चढून, आम्ही मयताला पोहोचलो. तिथं उतरवताना लक्षात आलं की प्रत्येक खुर्चीच्या पाठीला गुलाबी फीत आणि चंदेरी फुगा बांधलेला आहे. सोडायला वेळ नव्हता. कबरीभोवती पंचेचाळीस फुगे वाऱ्यावर हलत राहिले. मृताच्या विधवेनं नंतर माझे दोन्ही हात धरून सांगितलं की तिच्या नवऱ्यासाठी इतका खर्च आजवर कुणीच केला नव्हता. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, शोकानं.

लग्नवाल्यांनी मात्र रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, प्रार्थनेत. देवानं अमुक अमुक माणसाला सुबुद्धी द्यावी, अशा स्वरूपात.

या प्रार्थनेचं फळ म्हणजे फेलिस्टाकाकू. फेलिस्टाकाकू 'पुढे चला' महिला मंडळाच्या अध्यक्षा. मंडळात एकतीस बाया, आमची रोडा धरून. एका सोमवारी काकू अंगणात आल्या, झाडावरच्या नळकांड्याकडे बघितलं, खुर्च्यांकडे बघितलं, माझ्याकडे सगळ्यात शेवटी बघितलं. मंडळ चाळीस खुर्च्या आणि दोन तंबू विकत घेईल म्हणाल्या, पण धंदा सहकारी संस्थेचा व्हायला हवा. सहकार हे प्रकरण शिकवताना माझा आवाज नेहमीच थोडा कापतो. दुर्बलांची एकजूट, नफ्यापेक्षा सेवा, एक सभासद एक मत. मी तिथल्या तिथं होकार दिला. प्रोटसनंही दिला, कारण चहाबरोबर भुईमुगाच्या शेंगा होत्या.

एक सभासद एक मत, याचा अर्थ मला पहिल्या सर्वसाधारण सभेत लागला. साठ खुर्च्यांचा धनी असलेल्या माझं मत एक. अर्ध्या पिकअपच्या प्रोटसचं एक. उरलेली एकतीस मंडळाची. अध्यक्षपदाला मी उभा राहिलो, फेलिस्टाकाकू उभ्या राहिल्या. मला दोन मतं पडली. त्यातलं एक माझं. दुसरं आपलं नाही, असं प्रोटसनं बायबलवर हात ठेवून सांगितलं. रोडाला विचारलं तर ती म्हणाली, मतदान गुप्त असतं. मग सभेनं माझा अनुभव लक्षात घेऊन मला खुर्च्या पुसण्याच्या उपसमितीवर घेतलं.

संस्था नोंदवायची तर सहकार खात्याच्या माणसाला इतिवृत्त दाखवावं लागतं. आमच्या चिटणीस बाईंचं इतिवृत्त मी वाचलं. प्रार्थना झाली. कोण कोण आलं. कुणाला नातू झाला. चहा झाला. पाव कमी पडले, यावर जोरदार चर्चा झाली. प्रार्थना झाली. तिन्ही सभांचं इतिवृत्त हेच, फक्त तिसऱ्या सभेत पाव पुरले. खात्याचा माणूस ते वाचून म्हणाला की त्यानं पाहिलेल्या संस्थांमध्ये ही सगळ्यात सुरळीत चाललेली आहे.

सुरळीत ती तीन आठवडे चालली. चौथ्या आठवड्यात एका सभासद बाईनं असा मुद्दा काढला की खुर्च्या जर सगळ्यांच्या आहेत, तर माझी कुठली? प्रश्न बिनतोड होता. मी उठून सांगितलं की सहकारात मालकी अविभाज्य असते. बायांनी टाळ्या वाजवल्या, आणि सभा संपल्यावर प्रत्येकीनं आपापल्या तीन-तीन अविभाज्य खुर्च्या डोक्यावर घेतल्या आणि घरी नेल्या. पुढच्या शनिवारी मयत आलं तेव्हा आमच्या शंभर खुर्च्या एकतीस घरांत होत्या. एकीवर कपडे वाळत होते, एकीवर टीव्ही बसला होता, एकीवर अंड्यांवरची कोंबडी. ती कोंबडी हटेना आणि कोंबड्यांच्या बाबतीत माझी नैतिक बाजू लंगडी होती. मी प्रोटसबरोबर दारोदार फिरलो. दुपारपर्यंत अठ्ठ्याऐंशी जमल्या. लोक म्हणत, मास्तर खुर्च्या मागत फिरतायत, निवडणुकीला उभे राहणार वाटतं.

हे कानावर गेल्यामुळं असेल किंवा नुसतंच असेल, मादाराका दिनाच्या, म्हणजे स्वराज्य दिनाच्या, आधी चीफसाहेबांचा निरोप आला. मोठे पाहुणे येणार, ध्वजारोहण होणार, संस्थेनं देशासाठी शंभर खुर्च्या द्याव्यात. देशासाठी म्हणजे फुकट. फेलिस्टाकाकूंनी शंभरच्या शंभर पोहोचवल्या आणि पावती मागितली नाही, कारण देशाकडे पावती मागत नाहीत.

समारंभ छान झाला. पाहुणे आले नाहीत, पण त्यांचं भाषण आलं आणि वाचून दाखवलं गेलं. खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी घडली. जिल्ह्याहून तपासणी येणार होती, आणि आवारातल्या प्रत्येक सरकारी वस्तूवर खूण हवी असा हुकूम होता. रंगारी सकाळी लवकर आला. आम्ही दहा वाजता खुर्च्या न्यायला गेलो, तोवर त्यानं शंभर खुर्च्या, चीफचं टेबल, पाण्याची टाकी आणि झाडाखाली झोपलेल्या शिपायाची सायकल, या सगळ्यांच्या पाठीवर पांढऱ्या रंगात 'सरकारी मालमत्ता' लिहून ठेवलं होतं. तिथल्या भांडारप्रमुखांनी, किप्रोनोसाहेबांनी, सगळं नोंदवहीत चढवलंही होतं. सायकल धरून.

मी चीफसाहेबांना भेटलो. शांतपणे समजावून सांगितलं की सार्वजनिक मालकी म्हणजे जनतेची मालकी. सरकार फक्त सांभाळतं. म्हणजे खऱ्या अर्थानं मालक मीच. चीफसाहेबांनी मन लावून ऐकलं. वर्गात इतकं कुणी ऐकत नाही.

"बरोबर आहे, मास्तर," ते म्हणाले. "पाच कोटी मालकांपैकी तुम्ही एक. बाकीच्यांच्या सह्या आणा, तुमचा वाटा लगेच देतो."

किप्रोनोसाहेब मात्र भला माणूस होता. घरापासून लांब नोकरीला, एकटा राहणारा. खोलीत फक्त नोंदवह्या. त्यांनी मला चहा पाजला आणि म्हणाले की चूक झालीय हे त्यांना दिसतंय, पण नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. आत जायला एक दार, ते म्हणाले, आणि बाहेर पडायला तीन. वस्तू हरवली पाहिजे, निकामी ठरली पाहिजे, आणि मग लिलावात गेली पाहिजे.

"ही तीन दारं का एकच?" मी विचारलं.

"हरवली तर माझी नोकरी जाते," ते म्हणाले. "तेव्हा दोनच धरा. एकामागून एक."

सात महिने लागले. त्या सात महिन्यांत माझ्या खुर्च्या चीफच्या आवारात कोठडीशेजारच्या खोलीत होत्या, आणि लोक मला विचारत की जामीन कधी होतोय. निकामी ठरवायला तीन माणसांची समिती आली. खुर्च्या धडधाकट होत्या. किप्रोनोसाहेबांनी मला जाणकार म्हणून बोलावलं आणि मी, ज्यानं त्या खुर्च्या तळहाताच्या फोडासारख्या जपल्या, त्याच मी समितीसमोर उभं राहून सांगितलं की पाय कमकुवत आहेत, रंग अशुभ आहे, आणि एनोक आजोबांचा दाखला दिला. बोलताना मला दोनदा रुमाल काढावा लागला. समितीतल्या एका सदस्यानं खात्री करावी म्हणून एका खुर्चीवर जोरात बसून पाहिलं. खुर्चीला काही झालं नाही. त्यांनी तसं लिहिलं, आणि खाली शिफारस केली की तरीही जाणकाराची अवस्था पाहता निकामी ठरवाव्यात.

लिलावाच्या दिवशी आवारात अख्खं नामुकोये लोटलं होतं. किप्रोनोसाहेब टेबलामागं उभे, हातात हातोड्याऐवजी मोजपट्टी. मी शाळेतून सुट्टी काढून, कोट घालून गेलो होतो. माझा हिशेब सरळ होता: खुर्च्या मुळात माझ्या, तेव्हा बोली माझी. अडचण एवढीच की हाच सरळ हिशेब आणखी दोघांनी केला होता. मी बोली लावली. मागून फेलिस्टाकाकूंनी संस्थेच्या वतीनं ती वाढवली. मी वाढवली. तेवढ्यात डावीकडून प्रोटसनं हात वर केला. भागीदारी कधी मोडली असं कुणी त्याला सांगितलंच नव्हतं, आणि खरं म्हणजे मीही विसरलो होतो. काकूंनी पुन्हा वाढवली. मी त्वेषानं वाढवली. लोकांना मजा यायला लागली. शद्रक खाटीक एका कोपऱ्यात काहीच न बोलता उभा होता, जसा तो बैल दमायची वाट बघत उभा राहतो तसा.

चौथ्या की पाचव्या फेरीला माझा आकडा मी कुठून भरणार हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. पण काकू मागं हटत नव्हत्या, आणि सर्वसाधारण सभेतली ती दोन मतं माझ्या डोळ्यांपुढं नाचत होती. मी पुन्हा हात वर करणार, इतक्यात तो कुणीतरी धरला.

रोडा होती. ती कधी आली मला कळलं नव्हतं. चर्चला घालते तो पोशाख, डोक्याला फडकं. तिनं माझा हात खाली केला, मग दोन पावलं चालून भावाचा हात खाली केला, त्याच्या मनगटावर एक चापटही दिली. मग फेलिस्टाकाकूंसमोर जाऊन उभी राहिली. 

"काकू, या कुणाच्या खुर्च्या?"

"आपल्या," काकू म्हणाल्या.

"मग आपण आपल्याच वस्तूचा भाव का वाढवतोय? सरकार तिकडं चहा पितंय आणि आपण इथं एकमेकांची डोकी फोडतोय." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पण ते माझ्यासाठी होतं. "तुम्हा तिघांनाही खुर्च्या नकोत. तुम्हाला जिंकायचंय. मला खुर्च्या हव्यात. मयत-लग्नाला लागतात म्हणून हव्यात. मंडळाला मी निम्म्या भाड्यात देईन, सगळ्यांसमोर सांगते. आता तुम्ही थांबा."

काकूंनी तिच्याकडे बघितलं. मंडळातल्या बाकीच्या बायांनी काकूंकडे बघितलं. मग काकू हातातली पिशवी मिटून एका खुर्चीवर बसल्या. प्रोटस मनगट चोळत होता. मी कोटाची बटणं तपासली.

रोडानं बोली लावली. पहिली होती तिथूनच, खालून. तिनं कोंबड्या सात वर्षं पाळल्या होत्या, आणि गेलेल्या पाचांच्या जागी पंचवीस करून अंड्यांचे पैसे साठवले होते, ते मला वाटलं होतं तसं केवळ मला टोमणा म्हणून नव्हतं. शद्रकनं तोंड उघडलं. पण नामुकोयेतल्या सगळ्या मयतांचं मटण कुठून आणायचं हे ठरवणारं मंडळ त्याच्यासमोर ओळीनं उभं होतं, आणि त्यातल्या कुणी डोळ्याची पापणी लवू देत नव्हतं. शद्रकनं तोंड मिटलं. किप्रोनोसाहेबांनी मोजपट्टी टेबलावर मारली.

उरला फक्त कागद. विक्रीच्या कागदावर खरेदीदाराच्या मालकीचा प्रकार लिहायचा रकाना होता. पाच चौकटी. किप्रोनोसाहेबांनी पेन सरसावून विचारलं, कुठल्या चौकटीत खूण करू? माझ्या आयुष्यातला हा क्षण. मी पुढं सरसावलो, घसा साफ केला, एकल मालकीपासून सुरुवात केली, फायदे-तोटे, मग भागीदारी. तिसऱ्या चौकटीपर्यंत पोहोचलो होतो.

"माझ्या," रोडा म्हणाली.

"म्हणजे एकल मालकीच्या ना, बाई?" किप्रोनोसाहेबांनी विचारलं.

"एकल कशाला? घरात सहा माणसं आहेत, भाऊ आहे, मंडळ आहे. सगळे बसतील, सगळे उचलतील, आणि हे पुसतील." तिनं माझ्या दंडावर हात ठेवला, गेल्या दीड वर्षात पहिल्यांदाच. "पण खुर्च्या माझ्या."

किप्रोनोसाहेबांनी पाचही चौकटी एकदा वरून खाली, एकदा खालून वर वाचल्या. मग त्या तशाच मोकळ्या सोडल्या, समासातल्या कोऱ्या जागेत सुवाच्य अक्षरात लिहिलं 'तिच्या', आणि त्यावर गोल शिक्का मारला.

सत्तावीस वर्षं मी मालकीचे पाच प्रकार शिकवत आलो. या सत्रापासून सहा शिकवतो. परीक्षेत अजून विचारलेला नाही, पण फळ्यावर त्याच्याखाली मी दोन रेघा ओढतो.